ब्लड कॅन्सरचे उपचार चालू असताना मुलाच्या यकृतात बुरशी: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मुलाला एएलएल किंवा एएमएल (ब्लड कॅन्सरचे, म्हणजे ल्युकेमियाचे दोन प्रकार) आहे, केमो चालू आहे, ताप हटत नाही आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर यकृतात व प्लीहेत बारीक ठिपके असल्याचं लिहून आलंय, अशा मुलांच्या आईवडिलांसाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. या दुखण्याला डॉक्टर हेपॅटोस्प्लेनिक कॅन्डिडिआसिस म्हणतात. फाइलवर क्रॉनिक डिसेमिनेटेड कॅन्डिडिआसिस असंही नाव दिसेल, आजार तोच. तुमच्या मुलाच्या औषधाचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण ते काय करताहेत आणि का, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. हा उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि त्यातला मोठा भाग तुमच्या हातून घरी व्हायचा असतो.

काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पडले होते तेव्हा ताप आला, ते समजलं. आता काउंट आले, मूल खेळायला लागलं, तरी रोज संध्याकाळी ताप का चढतो?

या आजाराची खूण हीच. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात थोडीफार असते आणि एरवी काही करत नाही. केमोमुळे तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं अस्तर सोललं जातं. तोंडात फोड येतात ते आपल्याला दिसतात, आतड्यातले दिसत नाहीत. त्याच दिवसांत तापासाठी जोरदार अँटिबायोटिक्स चालू असतात, त्यांनी आतड्यातले जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ती अस्तरातून रक्तात शिरते. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून ती तिथे अडकते. पुढे प्लीहेत, कधी मूत्रपिंडातही.

या वेळी न्युट्रोफिल, म्हणजे बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली असतात. कित्येकदा शंभरही नसतात. लढायला कोणी नाही म्हणून सूज नाही, आणि सूज नाही म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. काउंट वर आले की या पेशी बुरशीच्या प्रत्येक ठिकाणाभोवती गोळा होतात. पायात मोडलेल्या काट्याभोवती पू धरावा तसंच हे. मग ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं आणि ठिपके दिसू लागतात. ताप अंगाच्या लढण्याचा असतो. पण लढण्याचं कारण अजून आत आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

स्टेरॉइडचाही यात हात असतो. एएलएलच्या पहिल्या टप्प्यात साधारण चार आठवडे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा चालतं. त्याने प्रतिकारशक्ती कमी होते, शिवाय ताप आणि पोटदुखी दबूनही राहते. स्टेरॉइड उतरवायला घेतलं की दबलेला ताप वर येतो आणि घरच्यांना वाटतं, कालपर्यंत तर बरं होतं.

दहा दिवसांपूर्वीची सोनोग्राफी नॉर्मल होती. मग तेव्हा चूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. काउंट पडलेले असताना केलेली तपासणी स्वच्छ येणं हे या आजारात नेहमीचं आहे. म्हणूनच काउंट आल्यावरही ताप राहिला तर सोनोग्राफी पुन्हा करतात, गरज पडली तर सीटी किंवा एमआरआय. पालकांना माझं आवर्जून सांगणं आहे: पहिली सोनोग्राफी नॉर्मल होती म्हणून दुसरीला नकार देऊ नका. आणि काउंट येऊन तीनचार दिवस झाले तरी ताप असेल, तर राउंडच्या वेळी स्वतःहून विचारा, "पोटाची सोनोग्राफी परत करायची का?" हा प्रश्न विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

रिपोर्टवर 'मल्टिपल हायपोएकोइक फोसाय' आणि 'बुल्स आय' लिहिलंय. म्हणजे काय?

पहिल्याचा अर्थ, आजूबाजूच्या यकृतापेक्षा गडद दिसणारे बरेच ठिपके. काही मिलिमीटरपासून एकदोन सेंटिमीटरपर्यंतचे. बुल्स आय म्हणजे मधोमध उजळ टिंब आणि भोवती गडद कडं. ही खूण कॅन्डिडाकडे बोट दाखवते, पण तेवढ्यावर निदान पक्कं होत नाही. क्षयरोग, जिवाणूंचे बारीक गळू, ॲस्परजिलससारखी दुसरी बुरशी, आणि क्वचित खुद्द ल्युकेमियाच्या गाठी, यांचेही ठिपके जवळपास असेच दिसू शकतात. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार बाजूला ठेवताच येत नाही. म्हणून त्याच्याही तपासण्या होतात, घरात कोणाला टीबी होता का असं विचारलं जातं. त्याचं खरं उत्तर द्या. आजोबांनी दहा वर्षांपूर्वी गोळ्या खाल्ल्या असतील तर तेही सांगा.

ब्लड कल्चर (रक्तातून जंतू उगवतात का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आलं. म्हणजे बुरशी नाही ना?

असं म्हणता येत नाही. या आजारात बहुतांश मुलांचं कल्चर निगेटिव्हच येतं. बुरशी आता रक्तात फिरत नसते, अवयवात ठाण मांडून असते. बीटा डी ग्लुकन नावाची रक्ताची तपासणी मदत करते, पण सगळीकडे होत नाही आणि तिचा निकाल बाकीच्या गोष्टींबरोबर ताडूनच बघावा लागतो.

यकृताचा तुकडा काढायचा म्हणतात. टाळता नाही येणार?

ठिपके, काउंटबरोबर आलेला ताप आणि रक्ताचे रिपोर्ट एकमेकांशी जुळत असतील तर पुष्कळ डॉक्टर बायोप्सी न करता औषध सुरू करतात. चित्र जुळत नसेल किंवा औषधाने फरक पडत नसेल तर तुकडा घेण्यात शहाणपण आहे. चुकीच्या आजारावर चार महिने औषध देण्यापेक्षा ते केव्हाही बरं. सोनोग्राफीत बघून बारीक सुईने तुकडा घेतात. त्याआधी प्लेटलेट निदान 50,000 च्या वर असाव्या लागतात, कमी असतील तर चढवतात. तुकड्यात बुरशी उगवली नाही असा निकाल आला तरी खचू नका. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे दिसले तर ते पुरेसं असतं. शिवाय क्षयरोग आहे की नाही हेही त्याच तुकड्यातून कळतं.

लिव्हरला बुरशी म्हणजे लिव्हर खराब झालं का? कावीळ होईल का?

मोठ्ठी धास्ती असते ती हीच, म्हणून स्पष्ट लिहितो. ठिपक्यांच्या मधलं यकृत चांगलं असतं आणि आपलं काम करत राहतं. यकृत थोडं वाढतं, दाबल्यावर दुखतं, प्लीहाही हाताला लागू शकते. डोळे पिवळे होणं या आजारात नेहमीचं नाही आणि यकृत निकामी होणं फार दुर्मिळ.

रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं. पण वाढत्या मुलांची हाडंही हेच एन्झाइम बनवतात, त्यामुळे मुलांचा आकडा मोठ्यांच्या मानाने एरवीही जास्त असतो. रिपोर्टच्या बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा कित्येकदा मोठ्या माणसांची असते. ती बघून रात्रभर जागू नका. हे एन्झाइम यकृतातून आलं की हाडातून, हे ठरवायला डॉक्टर गॅमा जीटी बघतात. एसजीपीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम वाढण्याला तर मेथोट्रेक्सेट, सिक्स एमपी, ॲस्परजिनेज या केमोच्या औषधांसारखे अर्धा डझन दावेदार असतात.

ठिपक्यांतला पू सुईने काढून टाकता येत नाही का?

नाही. ते असंख्य आणि बारीक असतात, यकृतभर पसरलेले. त्यांच्यावर औषधच चालतं.

कोणतं औषध देतात? अँफोटेरिसिन म्हणजे कोविडनंतर काळ्या बुरशीला देत होते तेच का?

हो, तेच. 2021 च्या मे महिन्यात ज्यासाठी महाराष्ट्रभर नातेवाईक धावत होते ते हेच इंजेक्शन. म्हणून नाव ऐकताच लोकांच्या पोटात गोळा येतो. पण तेव्हाची बुरशी म्युकर होती. नाका-डोळ्यात शिरून हाड पोखरणारी ती जात वेगळी, तिथे ऑपरेशनही लागतं. तुमच्या मुलाची कॅन्डिडा वेगळी, उपचाराला बऱ्यापैकी दाद देणारी.

सुरुवातीचे काही आठवडे शिरेतून औषध देतात. एक तर लायपोसोमल अँफोटेरिसिन, वजनाच्या किलोमागे रोज 3 ते 5 मिलिग्रॅम, नाहीतर कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन. मूल सावरलं की बहुधा तोंडाने फ्लुकोनाझोल सुरू होतं. मुलांचं शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून किलोमागचा डोस मोठ्यांपेक्षा जास्त असतो. गावच्या मेडिकलवाल्याने "एवढं कशाला?" असं म्हटलं तरी डोस कमी करू नका. कोणती कॅन्डिडा आहे यावरही निवड ठरते. क्रुसेई नावाच्या जातीवर फ्लुकोनाझोल चालतच नाही. भारतात ट्रॉपिकॅलिस ही जात बरीच आढळते आणि तिच्या बाबतीत शक्य असेल तिथे औषधाची चाचणी करून घेतात.

अँफोटेरिसिन चालू असताना थंडी वाजून अंग थरथरू शकतं. नर्सला लगेच हाक मारा, सलाइनचा वेग कमी करून आणि औषध देऊन ते आटोक्यात येतं. खरं लक्ष मूत्रपिंडावर आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमवर ठेवावं लागतं, त्यासाठी वारंवार रक्त काढतात. मुलाच्या हाताची चाळण होते, आईचा जीव तुटतो. पण पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ही तपासणी चुकवता येत नाही. शहाळ्याच्या पाण्याने ही तूट भरून येत नाही. शहाळं, केळं द्यायचं की नाही तेही विचारूनच ठरवा.

औषध सुरू होऊन पंधरा दिवस झाले, ताप तसाच आहे. दुसऱ्या हॉस्पिटलला न्यावं का?

योग्य औषध चालू असतानाही या आजारातला ताप दोनतीन आठवडे, कधी त्याहून जास्त राहतो, कारण तो बराचसा सुजेचा असतो. बुरशी मरू लागली तरी तिच्याभोवती जमलेल्या पेशी लगेच पांगत नाहीत. या काळात धीर सुटून मुलाला हलवलं की कागद मागे राहतात, तपासण्या पहिल्यापासून होतात आणि मधले दिवस औषधाविना जातात. दुसरं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण ते फाइल आणि सीडी नेऊन घ्या, औषध चालू ठेवून घ्या.

ताप फारच छळत असेल तर बुरशीच्या औषधाबरोबर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड किंवा सूज कमी करणारं औषध देतात. "स्टेरॉइडनेच बुरशी झाली ना, मग परत तेच?" हा प्रश्न रास्त आहे. बुरशीवरचं औषध भक्कम चालू आहे आणि दुसरा आजार नाही याची खात्री झाल्यावरच हे करतात. घरी स्वतःच्या मनाने कधीही नाही.

बुरशी बरी होईपर्यंत केमो थांबवायची ना?

नाही, आणि यावर मला थोडं जोर देऊन बोलायचं आहे. "आधी हे बरं होऊ दे, मग ते" असं घरातली वडीलधारी मंडळी मायेने म्हणतात. पण ठिपके जायला महिने लागतात आणि ल्युकेमिया तेवढं थांबत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: या बुरशीमुळे केमो किंवा ट्रान्सप्लांट लांबवू नये, बुरशीचं औषध बरोबरीने चालू ठेवावं. मूल फार अशक्त असेल तर डॉक्टर काही दिवस थांबतील, डोस बदलतील. तो त्यांचा हिशेब असतो. पण घरी बसून "या महिन्यात नको" असं ठरवणं मुलाला महागात पडू शकतं.

बुरशीचं औषध आणि केमो एकत्र चालतात का?

एक जोडी नीट लक्षात ठेवा. एएलएलमध्ये व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन ठरावीक दिवशी असतं. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही बुरशीची औषधं यकृतात व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडवतात. मग नेहमीचाच डोस शरीरात साचतो आणि नसांवर चढतो. आठवडाभर शौचाला न होणं, पोट फुगणं, जबडा दुखणं, पाय घसटत चालणं, रक्तातलं सोडियम उतरणं, झटका येणं, असं काहीही होऊ शकतं. फ्लुकोनाझोल यात सौम्य, पण अगदीच निर्दोष नाही. म्हणून व्हिन्क्रिस्टिनच्या दिवसांभोवती डॉक्टर ते थांबवतात किंवा त्या काळापुरतं शिरेतून दुसरं औषध देतात. डे केअरला इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टरना तोंडाने सांगा, "याला बुरशीची गोळी चालू आहे." फाइलमध्ये लिहिलं आहे म्हणून गप्प बसू नका.

आता याच्याच शेजारची गोष्ट. गजकर्ण सध्या घराघरात आहे आणि त्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. मुलाच्या मांडीवर चट्टा उठला म्हणून कोणी घरातल्याच मोठ्यांच्या पाकिटातली कॅप्सूल त्याला दिली, किंवा केमोबद्दल काहीच माहीत नसलेल्या दवाखान्यातून ती लिहून आणली, तर वर सांगितलेला सगळा धोका तिथून सुरू होतो. चट्टा आला तर त्याचा फोटो आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.

फ्लुकोनाझोलने लिव्हरला त्रास होतो असं वाचलं. आजारही लिव्हरचा आणि औषधही लिव्हरला जड?

एन्झाइम थोडे वाढू शकतात. म्हणून तपासण्या ठेवलेल्या असतात आणि आकडे फार चढले तरच औषध बदलतात. उपचार न केलेली बुरशी त्याहून कितीतरी घातक आहे.

काविळीचं झाडपाल्याचं औषध, गुळवेलीचा काढा दिला तर चालेल?

'लिव्हर' शब्द ऐकला की कोणी ना कोणी पानातून औषध देणाऱ्याचा पत्ता देतंच. देणाऱ्याच्या मनात कळकळ असते, तिचा मान ठेवा आणि औषध देऊ नका. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. केमो, बुरशीचं औषध आणि वर काढा असं एकत्र चाललं की एन्झाइम कशाने वाढले हे कोणालाच सांगता येत नाही. आणि मग थांबवली जाते ती केमो.

एक गोष्ट मात्र औषध वाटतच नाही, म्हणून इथे लिहितो. जुलाबासाठी मुलांना सॅकरोमायसिस बोलार्डी नावाच्या प्रोबायोटिकची पुडी देतात. ती यीस्टचीच, म्हणजे बुरशीच्याच कुळातली जिवंत पावडर असते. ज्या मुलाला पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी) आहे आणि काउंट कमी आहेत त्याला ती देऊ नये. अशा रुग्णांत ती रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. लाइन असलेल्या मुलाजवळ तशी पुडी फोडूसुद्धा नका. जुलाब झाले तर आधी वॉर्डला फोन.

घरातल्या बाकीच्या मुलांना हा संसर्ग होईल का?

नाही. हा मुलाच्या स्वतःच्या आतड्यातून झालेला आजार आहे. भावंडांनी शेजारी बसावं, खेळावं, झोपावं. हात मात्र सगळ्यांनी धुवायचे, ते मुलाला इतर जंतूंपासून सांभाळायला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे का पाठवलं?

रक्तात कॅन्डिडा सापडली असेल तर ती डोळ्याच्या पडद्यावरही बसू शकते. लहान मूल "अंधुक दिसतं" असं सांगत नाही, म्हणून बाहुली मोठी करून बघतात.

औषध किती महिने? ताप गेला की बंद करायचं का?

ठिपके जाईपर्यंत, म्हणजे सहसा कित्येक महिने. शिवाय केमोमुळे काउंट पडणार असतील तो सगळा काळ. सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. ताप जातो, मूल वरणभात मागून खातं, शाळेची चौकशी करतं, आणि एखाद्या महिन्यात पुडकं संपल्यावर नवीन आणलं जात नाही. पुढच्या केमोत काउंट पडले की बुरशी पुन्हा उठते.

मधूनमधून सोनोग्राफी किंवा एमआरआय होते. एमआरआयला रेडिएशन नाही, पण लहान मुलाला झोपेचं औषध द्यावं लागतं आणि काही तास उपाशी ठेवावं लागतं. सकाळचा नंबर मागून घ्या. शेवटी काही ठिपके चुन्यासारखे कडक होऊन तसेच राहतात. रिपोर्टवर 'कॅल्सिफाइड' असं येतं. ते जुने व्रण असतात, तेवढ्यासाठी औषध लांबवावं लागत नाही.

खर्च झेपत नाही. काय करावं?

लायपोसोमल अँफोटेरिसिन आणि कॅस्पोफंजिन महाग आहेत, यात शंका नाही. पैसे संपल्यावर सांगू असं करू नका, पहिल्याच दिवशी सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. केमोचं पॅकेज मंजूर असलं तरी या संसर्गाच्या औषधासाठी काय होतं ते त्यालाच विचारा. धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा, मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि रुग्णालयाचा समाजसेवा विभाग हे बाकीचे रस्ते. राहण्याचा प्रश्न असेल तर तोही समाजसेवा विभागातच मांडा, बाहेरगावच्या कुटुंबांसाठी मुंबईत निवासाच्या सोयी आहेत. पैशांअभावी डोस चुकणार असेल तर तो चुकायच्या आधी डॉक्टरांना कळायला हवं, म्हणजे तोंडाने घ्यायच्या औषधावर लवकर जाता येईल का हे त्यांना बघता येतं.

माझ्या मुलाला कॅन्सर नाही, तरी लिव्हरमध्ये बुरशी सांगितली. हे कसं?

मग तुमचं प्रकरण वेगळं आहे आणि या पानावरचं सगळं तुम्हाला लागू नाही. कमी दिवसांच्या बाळांना नाळेच्या शिरेत घातलेल्या नळीमुळे यकृतात कॅन्डिडाचा गळू होऊ शकतो. हिस्टोप्लाझ्मोसिस या दुसऱ्या बुरशीच्या आजारात ताप, वाढलेलं यकृत-प्लीहा आणि उतरलेले काउंट दिसतात, आणि तो क्षयरोग किंवा काळा आजार समजला जाण्याचा धोका असतो. ब्राझीलमध्ये पॅराकॉक्सिडिऑइडोमायकोसिस हा आणखी एक बुरशीचा आजार लहान मुलांत यकृत, प्लीहा आणि लसिकाग्रंथी सुजवतो. तिथे सुजलेल्या गाठी पित्तनलिका दाबतात आणि खरोखरीची कावीळ होते. अशा मुलाच्या जन्मजात प्रतिकारशक्तीची आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी लागते.

घरी असताना कधी लगेच निघायचं?

काखेत 101 फॅरनहाइट एकदा, किंवा 100.4 तासभर, की निघायचं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. आधी ताप मोजून आकडा लिहा, वॉर्डला फोन करा, मग ते सांगतील तर पॅरासिटामॉल द्या. गुदद्वारात थर्मामीटर नको. गावातल्या दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन नको, प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्त साकळतं. त्याच कारणाने आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको. डोळे पिवळे होणं, उजव्या बाजूला वाढत जाणारं दुखणं, गोळी सतत उलटून पडणं, लघवी कमी होणं, पाय लुळा वाटणं किंवा तीन दिवस शौचाला न होणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. निघताना फाइल, शेवटच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एकाच पिशवीत घ्या. रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तुमच्या मुलाला कदाचित कधी पाहिलेलं नसेल, आणि बुरशीचं कोणतं औषध किती दिवस चालू आहे हे त्यांना त्या पिशवीतूनच कळेल.